फणसोंब्याच्या पोटात

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात फणसोंबा मागितला की मागच्या फळीवरचा डबा खाली येतो आणि त्यातून तपकिरी, खडबडीत, खुराच्या आकाराचा एक तुकडा निघतो. नखाला टोचत नाही, सुरीला दाद देत नाही. तोंड आलं असेल किंवा लाळ फार गळत असेल तर तो सहाणेवर पाण्यात उगाळून तान्ह्या मुलाच्या हिरड्यांना लावायची रीत आहे. विल्यम डायमॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत राहून पश्चिम भारतातल्या औषधी द्रव्यांची नोंद केली. तिच्यातही फणसावरची ही अळंबी जवळपास याच उपयोगांसह आली आहे. म्हणजे माल जुना, गिऱ्हाईक जुनं, रीतही जुनी. नाव तेवढं अजून पक्कं व्हायचं आहे.

तुकडा फणसाच्याच झाडावरचा, ही झाली दुकानदाराची बोली. जांभूळ, ऐन, चिंच, बाभूळ यांच्या खोडांवरही असेच खूर येतात. वर भेगाळलेली काळपट पाठ, खाली बारीक छिद्रांचं तपकिरी पोट, आत गंजाच्या रंगाचा गर. वाळवून डब्यात टाकले की सगळे एकाच आईची लेकरं. पुणे विद्यापीठातले जे. जी. वैद्य आणि त्यांचे सहकारी लामरूद यांनी २००० साली भारतातल्या पारंपरिक औषधी कवकांवर निबंध लिहिला, तेव्हा फणसोंबा शास्त्राच्या दप्तरात फेलिनस या प्रजातीच्या खात्यावर बसला.

पण फेलिनस हे तेव्हा खातं कमी आणि गाठोडं जास्त होतं. वर्षानुवर्षं वाढणारं, टणक, तपकिरी, छिद्रं असलेलं जे सापडेल ते त्यात जायचं. २००२ मध्ये वाग्नर आणि फिशर या जर्मन संशोधकांनी डीएनएच्या आधारे हे गाठोडं सोडलं आणि आतून कितीतरी वेगळ्या प्रजाती बाहेर आल्या. काही जुनी नावं त्या निमित्तानं पुन्हा वापरात आली: फुल्विफोमेस, फोमिटिपोरिया. गंमत अशी की या वाटण्या डीएनएनं केल्या, तरी प्रत्येक वाटेकऱ्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली आधीपासून दिसत होती. बीजाणू रंगहीन की तपकिरी? छिद्रांच्या नळ्यांत काटे आहेत की नाहीत? आयोडीन लावल्यावर बीजाणू लालसर होतो की तसाच राहतो? खऱ्या फेलिनसमध्ये बीजाणू रंगहीन आणि बहुधा काटे. फुल्विफोमेसमध्ये काटे नाहीत आणि बीजाणू जाड भिंतीचे, तपकिरी. फोमिटिपोरियात बीजाणू गोलसर, जाड, रंगहीन, आणि आयोडीनच्या द्रावणात झटकन लालसर तपकिरी होणारे. बाहेरून पाहून तिघांना वेगळं काढण्याची पैज मी तरी लावणार नाही. फणसोंब्याच्या औषधी गुणांबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण यातल्या कोणाचे गुण कोणी तपासले, हे तरी आधी कळायला हवं.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न जितक्या रूपांत भेटतो तितका महाराष्ट्रात क्वचितच कुठे भेटेल. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि अलीकडे त्यालाही मागे टाकणारं पाटण तालुक्यातलं पाथरपुंज. पूर्वेला माण, आटपाडी, जत, जिथे ५०० मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. पाथरपुंज ते जत हे सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या आतलं अंतर. तेवढ्यात जांभूळ-अंजनी-पिशाचं सदाहरित जंगल संपून ऐन-किंजळ, मग आंबा-चिंच आणि शेवटी बाभूळ-बोर-लिंब एवढंच उरतं. लाकूड बदलतं, ओल बदलते, आणि लाकूड खाणारेही बदलतात.

तुकड्याचं पोट उघडायला फार काही लागत नाही. दाढीचं कोरं पातं, काचपट्टी, वर ठेवायची पातळ झाकणकाच, कॉस्टिक पोटॅशचं पाच टक्क्यांचं द्रावण, फ्लॉक्सिन किंवा काँगो रेड हा रंग, आणि अंबाल्याच्या बनावटीचा साधा सूक्ष्मदर्शक. विज्ञान शाखा असलेल्या तालुक्याच्या कॉलेजात एवढं सामान असतंच. पोटॅशचं एक काम तर सूक्ष्मदर्शकाच्याही आधी होतं. तपकिरी गरावर थेंब टाकला आणि तो क्षणात काळा पडला, तर हायमेनोकीटेसी या कुळाकडे, म्हणजे फणसोंब्याच्या गोतावळ्याकडे बोट जातं. काळा पडला नाही तर बहुधा वाट चुकली, दुसरीकडे शोधा.

अवघड आहे तो काप. नळ्यांना उभा छेद द्यायचा आणि तो इतका पातळ की पाण्यात टाकल्यावर दिसेनासा वाटावा. नवशिक्याचा पहिला काप सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी चिखल दिसतो, बाकी काही नाही. म्हणून पुष्कळ काप घ्यायचे आणि पाण्यात तरंगणाऱ्यांतला सगळ्यात फिका उचलायचा. तुकडा नरम असेल तर गाजराच्या दोन फोडींत धरून कापायचा. झाकणकाच ठेवल्यावर पेन्सिलीच्या मागच्या रबरानं तिच्यावर हलकेच टकटक करायचं, म्हणजे तंतू सुटे होतात. मग चाळीसच्या भिंगाखाली नळ्यांच्या भिंती दिसू लागतात आणि त्यांतून आतल्या पोकळीत डोकावणारे, जाड भिंतीचे, गडद तपकिरी, टोकदार काटे. असले तर. नसले तर आणखी काप, कारण काही जातींत ते फारच विरळ असतात, आणि एका कापावर ‘नाहीत’ असं लिहून मोकळं होणारा माणूस पुढच्या सगळ्या वाटेवर चुकत जातो.

बीजाणूंचं गाऱ्हाणं वेगळं. ते साधारण पाच-सहा मायक्रॉनचे; माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरात. शंभरच्या भिंगाला तेलाचा थेंब लावून, हजारपट मोठे करून ते पाहावे लागतात. नेत्रभिंगात बसवलेली पट्टी आधी काचेवरच्या प्रमाणपट्टीशी जुळवायची. या प्रमाणपट्टीवर एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात. जुळणी झाली की वीस-तीस बीजाणू मोजायचे, लांबी आणि रुंदी दोन्ही, आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं. एकच बीजाणू मोजून आकडा लिहिणं म्हणजे गावातल्या एका माणसाच्या उंचीवरून गावाची उंची सांगणं. आणि पुष्कळदा मोजायला बीजाणूच नसतात. दिवाळीच्या सुट्टीत गोळा केलेला वाळका खूर दिसायला देखणा असतो, पण आतून वांझ. कवकानं वाढ थांबवलेली असते, बीजाणू पावसातच उडून गेलेले असतात.

आयोडीनच्या द्रावणाची कथा जरा रंगीत आहे. ते चेक कवकतज्ज्ञ व्हाक्लाव मेल्झर यांच्या नावानं ओळखलं जातं आणि १९२० च्या दशकापासून जगभर वापरात आहे. अर्धा ग्रॅम आयोडीन, दीड ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, २० मिलिलिटर पाणी, आणि जवळपास पाण्याच्याच वजनाचं क्लोरल हायड्रेट. यात बीजाणूची भिंत निळी-काळी झाली तर एक गट, लालसर तपकिरी झाली तर दुसरा, काहीच झालं नाही तर तिसरा. पण हे क्लोरल हायड्रेट म्हणजे भेसळीच्या ताडीत मिसळतात तेच. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या छाप्यांच्या बातम्यांत ज्याच्या गोण्या पकडल्या जातात, ते ग्रॅमच्या हिशेबात मागायला गेलेल्या प्राध्यापकाकडेही विक्रेता दोनदा पाहून घेतो. मग कित्येक ठिकाणी नुसत्या आयोडीनच्या पाण्यावर भागवतात. निळा रंग त्यातही कळतो. लालसर तपकिरी छटेवर मात्र तेवढ्यानं विसंबता येत नाही, आणि फणसोंब्याच्या बाबतीत नेमकी तीच हवी असते.

महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात पडक्या काटक्यांवर एक नाजूक नरसाळं उगवतं. कागदाएवढं पातळ, तपकिरी वलयांचं, पिवळसर पायाचं. खालची छिद्रं इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला पृष्ठभाग गुळगुळीत वाटावा. मायक्रोपोरस झॅन्थोपस. सह्याद्रीत इतकं सर्रास आहे की बरेच जण त्याच्याकडे पाहतही नाहीत. पण लाकडावरच्या कवकांचा अभ्यास ज्या पायावर उभा आहे तो पाया या जातीनं घालून दिला. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या ई. जे. एच. कॉर्नर या २६ वर्षांच्या तरुणानं १९३२ मध्ये याच नरसाळ्यावर एक निबंध लिहिला. तेव्हा त्याचं नाव पॉलिस्टिक्टस होतं. हे नरसाळं म्हणजे कवकाचं फळ. ते नेमकं कशाचं बनलं आहे, हे कॉर्नरनं तंतू सुटे करकरून पाहिलं. काही तंतू पातळ भिंतीचे, आडपडदे असलेले, जिवंत. फळ वाढवणारे आणि बीजाणू देणारे तेच. काही जाड भिंतीचे, सरळ, फांद्या नसलेले. ते नुसता आधार देतात. आणि काही वेडेवाकडे, सतत फाटे फुटलेले, बाकीच्यांना गुंतवून घट्ट बांधणारे. नुसते पहिल्या प्रकारचे असतील तर एकतंतुक, दोन प्रकारचे असतील तर द्वितंतुक, तिन्ही असतील तर त्रितंतुक.

त्याआधी शंभर वर्षं कवकं वेगळी काढायची ती बाहेरच्या रूपावरून: छिद्रं, पडदे, दात, गुळगुळीत. कॉर्नरनंतर रूप दुय्यम झालं आणि बांधणी पुढे आली. मला ही घटना फार मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे जवळपास काहीच लिहिलं जात नाही. जीवशास्त्रातल्या मोठ्या कल्पना प्रयोगशाळेतल्या यंत्रांतून येतात असा आपला समज असतो. ही आली सुई, काचपट्टी आणि पायाखाली तुडवली जाणारी एक काटकी यांतून.

जिवंत तंतूंच्या आडपडद्यांपाशी आणखी एक खूण असते. पडद्याच्या बाजूला एक छोटी कडी, एका पेशीतून निघून पडद्याला वळसा घालून दुसऱ्या पेशीला जोडलेली. तिला क्लॅम्प म्हणतात. ट्रॅमेटिसमध्ये ती असते, मायक्रोपोरसमध्ये असते. फणसोंब्याच्या अख्ख्या कुळात एकदाही नसते. त्यामुळे तपकिरी गरात क्लॅम्प सापडला तर आधीचा अंदाज कितीही आवडता असला तरी पुसायचा.

चांदोली आणि कोयनेच्या संरक्षित जंगलात, तसंच गावोगावच्या देवरायांत, पडलेलं लाकूड जागेवरच कुजतं. देवराईतली काटकीही घरी न्यायची नाही, हा नेम जिथे पाळला जातो तिथे कवकांना जेवणाची ददात नाही. या ओल्या ओंडक्यांवर पावसाळ्यात बुळबुळीत, जेलीसारखे लगदे येतात, आणि सूक्ष्मदर्शकाची खरी जादू पाहायची तर ती यांच्यात. कानाच्या पाळीच्या आकाराचं तपकिरी ते ऑरिक्युलारिया, पांढुरकं झालरीचं ते ट्रेमेला, केशरी-पिवळं चमच्याच्या टोकाचं ते डॅक्रिओपिनॅक्स. तिन्ही चिकट, तिन्ही वाळली की आक्रसतात आणि पाणी लागलं की फुगतात. साहजिकच एके काळी तिघं शेजारी-शेजारी बसत. पण ज्या पेशीवर बीजाणू धरतात ती काढून पाहा. ऑरिक्युलारियात ती लांब आणि आडव्या पडद्यांनी चार कप्प्यांत विभागलेली. ट्रेमेलात गोल, उभ्या पडद्यांनी चार फाकी पडलेली. डॅक्रिओपिनॅक्समध्ये पडदाच नाही. पेशी सरळ बेचकी होते आणि दोन टोकांवर दोनच बीजाणू. इतक्या मुळातल्या फरकापुढे तिघांचा चिकटपणा म्हणजे निव्वळ योगायोग.

पूर्वेकडे हे काही मिळत नाही. पूर्वेकडच्या माळावर पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं इथे कवकं नाहीतच. मग सवय होते आणि वाळक्या बाभळीवर काळे गोळे दिसू लागतात. हातात घेतले तर विझलेला कोळसा, उभे फोडले तर आत फिकी-गडद वलयं. हे डाल्डिनिया. त्याची सालीलगतची कपची पोटॅशमध्ये टाकली की द्रावणात जांभळट रंग उतरतो. जातीजातीत छटा वेगळी, त्यामुळे रंगाची नोंद करावीच लागते. बीजाणू जवळजवळ काळे, आणि प्रत्येकावर एक उभी फट, जिथून अंकुर बाहेर यायचा. फणसोंब्याचं आणि याचं नातं फार दूरचं आहे. याचे बीजाणू पिशव्यांत तयार होतात, आठ-आठच्या रांगेत.

आणि जिवंत बाभळीवर, खैरावर, ते खूर. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत बी. के. बक्षी यांनी खैराचा गाभा कुजवणाऱ्या अशाच एका जातीवर काम केलं होतं. १९७१ मध्ये त्यांचं झाडांवरच्या आणि इमारती लाकडावरच्या छिद्रकवकांचं पुस्तक आलं, जे आजही उघडावं लागतं. महाराष्ट्रापुरती यादी त्याच वर्षी एम. एन. कामत आणि सहकाऱ्यांनी दिली. पुढे हडपसरच्या अण्णासाहेब मगर महाविद्यालयातले किरण रणदिवे आणि वैद्य यांनी पुणे जिल्ह्यातल्या व पश्चिम घाटातल्या लाकूडकुजव्या कवकांवर सविस्तर नोंदी केल्या. या सगळ्या कामाचा कल स्वाभाविकपणे ओल्या बाजूकडे आहे. माणूस कवक शोधायला निघतो तो पावसात आणि डोंगरात. कडेगाव-पलूसच्या हद्दीवरचं सागरेश्वर अभयारण्य, धो. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरांवर लावून उभं केलेलं आणि १९८५ मध्ये घोषित झालेलं, आता वयात आलं आहे. लावलेली झाडं म्हातारी होऊ लागली की तिथलं मेलेलं लाकूड वाढणार. एका माणसाच्या हयातीत उभ्या राहिलेल्या जंगलात लाकूड खाणारे कोणत्या क्रमानं येतात, हे पाहण्याची अशी जागा शोधून मिळायची नाही. माझ्या मते महाबळेश्वरच्या आणखी एका सहलीपेक्षा ही वाट जास्त मोलाची.

रस्त्याकडेच्या झाडांचा विषय मात्र दोन्ही जिल्ह्यांना सारखा लागू. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात गुलमोहर आडवा होतो आणि लोक म्हणतात, काल तर हिरवागार होता. पायथ्याशी पाहिलं तर पुष्कळदा लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत तांबडी-तपकिरी टोपी आधीच्या पावसापासून बसलेली असते, आणि तिच्यावर व आसपासच्या गवतावर कोकोसारखी पूड. गॅनोडर्मा. या पुडीतला चिमूटभर भाग काचपट्टीवर घ्या; लाकडावरच्या कवकांत इतकी निःसंदिग्ध ओळख दुसरी नाही. बीजाणू अंड्याच्या आकाराचा, एक टोक छाटलेलं, भिंत दुहेरी, आणि आतल्या तपकिरी भिंतीतून निघालेल्या खुंट्या बाहेरच्या पारदर्शक भिंतीला टेकलेल्या. गॅनोडर्मा ॲप्लॅनेटम या जातीचं एक मोठं फळ मोसमात दिवसाला ३,००० कोटी बीजाणू सोडतं, असा नेहमी दिला जाणारा हिशेब आहे.

प्रजाती एका काचपट्टीत ठरली. जात ठरवायला गेलो की चिखल सुरू. भारतातल्या कुठल्याही चकचकीत टोपीला गॅनोडर्मा ल्युसिडम म्हणायची सवय आपल्याला लागली. खरं ल्युसिडम हे युरोपातल्या नमुन्यावरून सांगितलेलं. चीनमध्ये शतकानुशतकं औषध म्हणून वापरलं जाणारं तेही ल्युसिडम नव्हे, असं २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवून दिलं आणि त्याला लिंगझी हे जातीनाम दिलं; त्या नावावरूनही पुढे वाद झाला. आपल्याकडच्या डब्यांवर, गोळ्यांच्या पाकिटांवर, शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या बियाण्यावर ल्युसिडम तसंच चालू आहे.

मोबाइलमध्ये फोटो टाकून नाव सांगणारी ॲपं याच सवयीला हातभार लावतात. पाटणच्या ओंडक्यावरच्या कवकाला ती झटक्यात युरोपातल्या बीच किंवा बर्च झाडावरच्या जातीचं नाव देतात, कारण शिकलेली असतात ती तिकडच्या फोटोंवर. डीएनएचं मात्र तसं नाही, ते कामाचं आहे. २०१२ पासून आयटीएस हा जनुकीय तुकडा कवकांची अधिकृत ओळखपट्टी मानला जातो. पण आलेला क्रम जुळवायचा तो सार्वजनिक साठ्याशी, आणि त्या साठ्यात ल्युसिडम नावाखाली जगभरचे नाना गॅनोडर्मा नोंदवून ठेवलेले आहेत. क्रमामागे नमुना नसेल, नमुन्याचं तंतूंपासून बीजाणूंपर्यंतचं वर्णन नसेल, तर ती अक्षरांची ओळ कोणाची हे पुढच्या माणसाला पडताळता येत नाही. पृथ्वीवर कवकांच्या जाती २२ ते ३८ लाख असाव्यात असा २०१७ चा अंदाज आहे. नावं मिळाली आहेत ती दीड लाखाच्या आसपास. नुसत्या क्रमांनी ही दरी भरणार नाही, पात्यानंही भरणार नाही. दोन्ही लागतील, आणि पातं स्वस्त आहे.

नमुना ठेवायचा तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक संग्रहालय आहे. जिवंत संवर्धनं ठेवण्यासाठी तिथेच राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह आहे. पाठवण्याआधी तुकडा मंद उष्णतेवर खडखडीत वाळवावा लागतो आणि मग काही दिवस डीप फ्रीजरमध्ये, कारण छिद्रकवकांत राहणारे बारीक भुंगेरे नमुन्याचा भुसा करतात. चिठ्ठीवर लिहायच्या गोष्टी साध्या, पण नंतर आठवून लिहिता येत नाहीत: झाड कोणतं, जिवंत की मेलेलं, जमिनीपासून किती उंचीवर, कूज पांढरी तंतुमय की तपकिरी चौकोनी ढलप्यांची, ताज्या गराचा रंग, पोटॅशनं काय झालं. झाडाच्या नावाची जागा रिकामी असलेला फेलिनस संग्रहात असून नसल्यासारखा.

राहिला मोसम. पश्चिमेला बीजाणू मिळायचे तर जुलै-ऑगस्ट गाठावा लागतो. जत-आटपाडीकडे खरा पाऊस परतीचा. तो सप्टेंबरात येतो आणि बाभळीवरच्या खुरांच्या पोटाला नवा, मऊ, पिवळसर थर धरतो तो त्यानंतर. म्हणजे काचपट्टीवर बीजाणू दिसावेत असा नमुना तिकडे घटस्थापनेपासून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घ्यायला हवा. कॉलेजांच्या वनस्पतिशास्त्राच्या सहली तोवर महाबळेश्वरला जाऊन आलेल्या असतात, आणि विद्यापीठाच्या सत्र परीक्षांचं वेळापत्रक नेमकं तेव्हाच लागतं.